दामू गुरुजींची घरची बोली

"पाणी देऊ का?" नर्सनं विचारलं.

"सावधान," ते म्हणाले.

"उशी वर घेऊ?"

"सावधान."

"बाबा, दुखतंय का कुठं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि जरा चिडून पुन्हा तेच म्हटलं. "सावधान."

मी दारात उभी राहून ऐकत होते. हातात केसपेपर होता. पेशंटचं नाव साहेबराव, वय एकसष्ट. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, म्हणजे गुठळी अडकून तिथला रक्तपुरवठा बंद पडलेला. उजवा हात लुळा, उजवा पाय कमजोर. अ‍ॅडमिट होऊन चौथा दिवस. खाली न्यूरोलॉजिस्टनं लिहिलं होतं, स्पीच ओपिनियन. त्यासाठी मला बोलावलं होतं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोबड्या आणि तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई, एवढीच आमची ओळख असते. ते कामही मी करते. पण छत्रपती संभाजीनगरच्या ज्या हॉस्पिटलमध्ये मी इतकी वर्षं जाते, तिथले माझे निम्मे पेशंट स्ट्रोकचे असतात. त्यांना जे होतं त्याला अफेजिया म्हणतात. डोकं जागेवर असतं, समोरच्याचं बोलणं बहुतेक कळतं, काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं. शब्द तेवढा हाताला लागत नाही. काही जणांकडे एकच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर येतो. कुणाकडे 'हो हो' उरतं, कुणाकडे मुलीचं नाव. साहेबरावांकडे 'सावधान' उरला होता.

तो का उरला, हे अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं. साहेबराव म्हणजे टीव्हीवरचे दामू गुरुजी. दौलताबादच्या पलीकडच्या एका गावात ती मालिका कितीतरी वर्षं शूट होत होती. दामू गुरुजी म्हणजे त्यातल्या गावाचे भटजी. जुन्या लुनावरून येणारे, प्रत्येक लग्नाला उशिरा पोचणारे, दक्षिणेपेक्षा जिलबीची चौकशी जास्त करणारे. पण मुलीच्या मनाविरुद्ध लग्न असलं तर अंतरपाट खाली ठेवून बसून राहणारे. लोकांचा त्यांच्यावर फार जीव. खऱ्या लग्नांचीही आमंत्रणं यायची, आणि साहेबराव हात जोडून सांगायचे, "आमच्या घरात सात पिढ्या नांगर धरलाय. मला मंत्र पाठ हायत, अधिकार नाय." मंत्र मात्र अस्सल होते. पैठणकडच्या एका वृद्ध गुरुजींपाशी दोन महिने बसून त्यांनी ते घोटले होते.

त्या 'सावधान'नं वॉर्डात एक घोळही केला. शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या बायकोनं येऊन विचारलं, "गुरुजी, उद्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन हाय. करावं का?" उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको. त्या मंडळींनी ऑपरेशन पुढं ढकललं. सर्जन तणतणत माझ्याकडे आले. मी त्या बाईंना समजावलं, की बाई, ते तुम्हाला इशारा देत नाहीत, त्यांना बहुधा चहा हवा होता. त्यांना पटायला एक दिवस गेला.

साहेबरावांच्या पत्नी कौसल्याबाई दिवसभर उशाशी बसून असत. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ह्यांचं डोकं फिरलंय का?"

"नाही. डोकं ठीक आहे. शब्द अडकलेत."

"मंग निघतील?"

"काही निघतील. किती ते आज सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. खोटा धीर दिला नाही हे त्यांना आवडलं असावं. त्या दिवसापासून त्या माझ्या असिस्टंट झाल्या.

दहाव्या दिवशी साहेबरावांना बसतं केलं होतं, तेव्हा मी एक गोष्ट करून पाहिली. मंगलाष्टकांची चाल हळू गुणगुणायला लागले आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर ताल धरला. दुसऱ्या ओळीला ते माझ्या आवाजात मिसळले. तिसऱ्या ओळीला मी थांबले. ते थांबले नाहीत. अख्खं कडवं, एकही अक्षर न गाळता, त्याच खणखणीत आवाजात. कॉरिडॉरमधून लोक धावत आले. कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

यात जादू नाही. पाठांतर, आकडे, वार, आरत्या, शिव्या हे बोलणं घोटून घोटून आपोआप आलेलं असतं. आम्ही त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतो. नवीन वाक्य जुळवण्याच्या यंत्रणेवर ते फारसं अवलंबून नसतं, म्हणून पुष्कळदा वाचतं. मंगलाष्टक म्हणणारा माणूस पाणी मागू शकेल असं त्यातून ठरत नाही. त्यांनाही ते येत नव्हतंच. पण चाल ही एक वाट असते. त्या वाटेनं पुढं नेता येतं का ते बघायचं होतं.

ते बघण्याआधीच मालिकेचे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर नितीन भेटायला आले. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणजे सेटवर ज्याला सगळे जाब विचारतात तो माणूस. तिशीतला, सज्जन, डोळ्यांखाली काळं. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे बँक संपत आलीय." बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड. "गुरुजी काशीला गेलेत असं आम्ही दाखवलंय. पण चॅनल म्हणतंय, चार महिन्यांत गुरुजी परत आणा, नाहीतर निर्णय घ्या."

"निर्णय म्हणजे?"

"एक तर दुसरा अ‍ॅक्टर. नाहीतर भिंतीवर फोटो."

साहेबराव ऐकत होते. त्यांना सगळं कळत होतं हे नितीनच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. आणि इथं मी चूक केली. साहेबरावांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "थांबा, तुम्हाला काहीतरी ऐकवते." आणि चाल धरली. साहेबरावांनी दोन कडवी म्हटली. नितीननं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि जाताना माझे चार वेळा आभार मानले. हे बोलणं नव्हे, पाठांतर आहे, असं मी सांगितलं. पण जिन्यात, घाईत, हसत हसत सांगितलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

तो व्हिडिओ चॅनलच्या ऑफिसात पोचला. गुरुजी फिट आहेत असं ठरलं. डिस्चार्जनंतर महिन्याभरात शूटिंगची तारीखही लागली. मला कळलं तेव्हा मी फोन करून विरोध केला. नितीन म्हणाले, "एकच सीन आहे मॅडम. मंगलाष्टक आणि एक वाक्य."

त्या एका वाक्याची आम्ही तयारी केली. स्क्रिप्टमधली ओळ होती, "मुलीची संमती घेतलीत का?" चालीवर बसवली, ताल धरला, तुकडे केले. क्लिनिकमध्ये दहापैकी सहा वेळा जमत होती.

सेटवर मी हजर होते. मंगलाष्टक सुरेख झालं. मग कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आला. ते म्हणाले, "मुलीची." थांबले. "मुलीची. मुलीची." ओठ पुढं गेले, हात हवेत गेला. कुणीतरी मागून 'संमती' असं पुटपुटलं. दुसऱ्यानं ते मोठ्यानं सांगितलं. मग तिघं एकदम सांगायला लागले. साहेबरावांनी सगळ्यांकडे पाहिलं, डाव्या हातानं खांद्यावरचं उपरणं काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि पाय ओढत गाडीकडे निघाले.

त्यानंतर ते क्लिनिकला आले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कौसल्याबाई फोनवर म्हणाल्या, "जेवतात, भिंतीकडं तोंड करून बसतात. मंगलाष्टकाचं नाव काढलं तर ताट सरकवतात."

मी त्यांच्या घरी गेले. पडेगावला दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, मागं शेवग्याचं झाड. साहेबराव पलंगावर पाठ करून बसले होते. मी खुर्ची ओढली आणि आधी माफी मागितली. म्हटलं, "तो व्हिडिओ काढू द्यायला नको होता. तुमची तयारी नव्हती हे मला ठाऊक होतं. मला तुमचं कौतुक करून घ्यायची घाई झाली."

मी पिशवीतून सरावाची, शब्द लिहिलेली कार्डं काढली आणि म्हटलं, "पुन्हा सुरुवात करू या का?"

ते वळले आणि म्हणाले, "मला नाय यायचं."

कौसल्याबाई दारातच थबकल्या. मीही कार्डं तशीच धरून बसले. तीन शब्दांचं वाक्य. चाल नाही, ताल नाही, कुणी सुरुवात करून दिलेली नाही. स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं स्वतःचं वाक्य, आणि ते मला हाकलण्यासाठी होतं.

"का नाही यायचं?" मी विचारलं.

"लई झालं." मग बराच वेळ थांबून, "तुमी. जावा."

मी गेले. घरी येईपर्यंत ती वाक्यं डोक्यात घोळत होती. नाय. लई. जावा. दामू गुरुजी 'नाय' म्हणत नाहीत. ते 'नाही हो' म्हणतात, 'संमती' म्हणतात, 'पुष्कळ' म्हणतात. ती मराठी साहेबराव पन्नाशीनंतर शिकले होते, भूमिकेसाठी. त्यांचा जन्म फर्दापूरकडच्या एका खेड्यातला. आईशी, बैलांशी, बायकोशी ते ज्या बोलीत बोलले, ती वेगळी. आणि मी काय करत होते? त्यांना कामावर परत पाठवायचं म्हणून त्यांच्या स्क्रिप्ट्स घेऊन बसत होते. कार्डांवर मी लिहिलेले शब्द होते 'पाणी हवे आहे', 'येथे', 'मला आवडते'. त्यांच्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. मोडलेल्या पायाच्या माणसाला मी दुसऱ्याच्या चपला घालून चालायला लावत होते.

कार्डं मी बाजूला ठेवली. दोन दिवसांनी कौसल्याबाईंना फोन करून विचारलं, "तुम्ही दोघं घरात काय काय बोलता? जसंच्या तसं सांगा."

"आता ते काय सांगायचं, मॅडम," त्या लाजल्या. मग सांगायला लागल्या. चाय कर. भाकर गार झाली. कवा आली. टीव्ही बंद कर ना. गुडघा दुखायलाय. शेंगा काढल्या का. मी वहीत लिहून घेत गेले.

थेरपी घरीच सुरू केली. त्यांनी मला येऊ दिलं ते कौसल्याबाईंच्या भिडेपोटी. मी कमी बोलायचे, कौसल्याबाई जास्त. त्यांना मी एकच नियम दिला होता. ह्यांना काही विचारलं की मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. तोवर मदत करायची नाही, शब्द सुचवायचा नाही, उठून जायचं नाही. हे फार अवघड असतं. आपलं माणूस अडकलं की जीभ आपोआप पुढं जाते. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत दहा मोजायच्या.

आठव्या आकड्याला कधीतरी यायचं. "चाय." पुढच्या आठवड्यात, "चाय कर." मग एकदा त्यांनी शेवग्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "शेंगा. काढल्या नाय?" कौसल्याबाई म्हणाल्या, "तुमी काढा की." आणि ते हसले. अर्धा चेहरा हसला, पण हसले. चुकाही व्हायच्या. चमच्याला 'कंगवा', जावयाला 'मामा'. मी चुका दुरुस्त करत नव्हते. अर्थ पोचला की पुढं जायचं.

दीड महिन्यात ते तीन-चार शब्दांची वाक्यं बोलायला लागले. सगळी घरच्या बोलीत. एकदा मुद्दाम मी गुरुजींच्या भाषेतलं वाक्य समोर ठेवलं. तिथं पुन्हा तीच भिंत.

दरम्यान चॅनलची मुदत संपत आली होती. नितीन आणि मालिकेची लेखिका अस्मिता पडेगावला आले. नितीननं हातातल्या फाइलवरून नजर वर केली नाही. म्हणाले, "काका, एक मार्ग आहे. तुम्ही नुसतं उभं राहायचं, ओठ हलवायचे. डबिंगला दुसरा आवाज घेऊ. मिमिक्री करणारा एक मुलगा तुमचा आवाज हुबेहूब काढतो."

साहेबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी आकडे मोजायला लागले. नितीन मधेच बोलायला गेले, तर अस्मितानं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आवाज," साहेबराव म्हणाले. "माझाच."

"पण काका, गुरुजी असे बोलत नाहीत. लोक विचारतील, ह्यांची भाषा कशी बदलली?"

यावेळी खूप वेळ लागला. दहा कधीच होऊन गेले. साहेबरावांनी आधी स्वतःच्या लुळ्या हाताला डावा हात लावला. मग भिंतीवर दामू गुरुजींच्या वेषातला त्यांचा फोटो होता, तिकडे बोट केलं.

"त्यो बी," ते म्हणाले, "पडला."

नितीनला कळलं नाही. अस्मिताला कळलं. ती सावकाश म्हणाली, "गुरुजींना पण स्ट्रोक आला. काशीत. असं?"

"व्हय. खरं दावा."

"लोकांना बघवेल का, काका?" नितीननं विचारलं. त्यांच्या आवाजात चॅनलची काळजी होती तितकीच माणसाची होती, हे मला सांगायला हवं.

"कौसी बघती," साहेबराव म्हणाले. "रोज."

कौसल्याबाई चहा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चॅनलनं सहजासहजी मान्य केलं नाही. तीन एपिसोड करून बघा, नंतर ठरवू, एवढंच आलं. अस्मिता माझ्या क्लिनिकमध्ये चार दिवस येऊन बसली. पेशंट कसे थांबतात, कुठं अडकतात, नातेवाईक कशी घाई करतात, ते तिनं त्यांच्या परवानगीनं बघितलं. तिनं लिहिलेल्या सीनमध्ये गुरुजींना एकूण सहा ओळी होत्या. लहानपणी गुरुजी ज्या खेड्यात वाढले तिथली बोली परत आलीय, असं तिनं गावातल्या डॉक्टरच्या तोंडी घातलं. डॉक्टरचा तो संवाद मी तपासून दिला. बाकी मला लिहिण्यातलं काही कळत नाही.

शूटिंगच्या दिवशी मी दिग्दर्शकांना दहा आकड्यांचा नियम सांगितला. त्यांनी तो सगळ्या युनिटला मोठ्यानं ऐकवला. लाइटवाल्यांनासुद्धा.

सीन लग्नाचाच होता. मुलीवर जबरदस्ती होतेय अशी गावात कुजबुज. सगळे थांबलेत. गुरुजी काठी टेकत मांडवात येतात. ओळ होती, "पोरी, मनापासून हाय का?"

साहेबराव नवरीसमोर उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले आणि अडकले. मला शब्द दिसत होता. त्यांनाही दिसत होता. ओठ जुळत होते आणि सुटत होते. कुणी हललं नाही. मुलीचा बाप झालेला नट खाली बघून मोजत होता, त्याची बोटं मला दिसली. दहा झाले असतील, वीसही झाले असतील.

"पोरी," ते पुन्हा म्हणाले, "पोटापासून हाय का?"

चूक होती. आमच्या भाषेत याला शब्दांची अदलाबदल म्हणतात, एकाच्या जागी जवळचा दुसरा शब्द येतो. मला वाटलं, आता कट होणार. साहेबरावांच्याही लक्षात आलं होतं, त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण नवरीचं काम करणारी मुलगी स्क्रिप्टमधलं उत्तर विसरली की तिनं मुद्दाम केलं, ठाऊक नाही. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "नाय गुरुजी. पोटापासून नाय."

साहेबरावांनी डाव्या हातानं अंतरपाट ओढून खाली टाकला. दिग्दर्शकांनी कट म्हणायला बराच वेळ लावला. कट म्हटल्यावर गर्दीतल्या गावच्या बायका डोळे पुसत होत्या, आणि त्या काही अ‍ॅक्टिंग करत नव्हत्या. दुसरा टेक घेतला नाही.

तो एपिसोड तसाच लागला. चॅनलनं दामू गुरुजींना ठेवलं. लोकांनी तक्रारी केल्या का? काहींनी केल्या, की गुरुजींचं हे काय करून ठेवलं. बाकीच्यांनी त्यांना पुन्हा लग्नांची आमंत्रणं पाठवायला सुरुवात केली.

माझ्या ओपीडीत मात्र फरक पडला. खुलताबादकडच्या एका बाईंनी आपल्या सासऱ्यांना आणलं. त्यांना स्ट्रोक येऊन वर्ष झालं होतं. वर्षभर घराच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं, कारण स्ट्रोकनंतर त्यांच्या तोंडून फक्त एक शिवी यायची. नातसुनेला शिवी, देवाला शिवी, पाणी मागताना शिवी. घरच्यांना वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं. बाई म्हणाल्या, "टीव्हीत गुरुजींना बघितलं आन् मला वाटलं, आमच्या मामांचं बी ह्येच असंल." तेच होतं. वर्ष वाया गेलं होतं, पण त्यांना आता पाच-सहा शब्द येतात. त्यातला एक त्या बाईंचं नाव आहे. असे आणखीही आले. पूर्वी लोक स्ट्रोकनंतर सहा-सहा महिन्यांनी यायचे, आता काही जण पंधरवड्यात येतात. उशिरा येण्यापेक्षा हे किती बरं, ते त्यांना नाही, मला कळतं.

साहेबराव पूर्ण बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. महिन्यातले चार दिवस शूटिंग करतात. उजव्या हातानं पळी धरता येत नाही, म्हणून डाव्यानं सराव चाललाय. लांब वाक्य अजून अडतं. मला फोन करतात तेव्हा पहिलं अर्धं मिनिट फक्त श्वास ऐकू येतो. मी मोजत बसते.

मी स्वतःच्या कामात एक बदल केला. आमच्या केसपेपरवर मातृभाषा असा रकाना असतो. तिथं सगळे 'मराठी' लिहितात आणि मीही वर्षानुवर्षं ते तसंच पुढं ढकललं. आता मी तो रकाना भरायच्या आधी नातेवाइकांना विचारते, "हे घरात भांडताना कसे बोलायचे?" लोक आधी बिचकतात, मग भरभरून सांगतात. थेरपी तिथून सुरू करते. एवढं शहाणपण यायला एका पेशंटला मला घराबाहेर काढावं लागलं.